बिनपगारी हातांवर चालणारी आगगाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी बाहेरगावच्या एखाद्या विदुषी बाईंचे भाषण असते. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की आपल्यातलीच कोणीतरी बोलेल, आणि मी विलायत पाहून आले एवढ्या भांडवलावर त्यांनी माझे नाव लिहून टाकले. मी सातवीपर्यंत शिकलेली. चारचौघींत बोलण्याची माझी सवय म्हणजे हळदीकुंकवाला "या, बसा, वाण घ्या" म्हणण्याइतकीच. तेव्हा लंडनची वर्णने ऐकायला मिळतील या आशेने कोणी आले असेल तर त्यांनी मला क्षमा करावी. मी सांगणार आहे ते एका लहानशा आगगाडीबद्दल, तिच्या संग्रहालयाबद्दल, आणि एक पैसा न घेता ती गाडी चालवणाऱ्या माणसांबद्दल.

कुर्डुवाडीच्या बायकांना आगगाडीचे काय कौतुक सांगायचे, असे तुम्ही म्हणाल. आपल्यापैकी निम्म्या जणी रेल्वेच्या घरात दिलेल्या. आपले गाव वाढले तेच मुळी रेल्वेमुळे. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीची ही लाईन उभी केली. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला जाऊन भिडली, आणि १९५४ साली सरकारने ती आपल्याकडे घेतली. माझे सासरे इथल्या वर्कशॉपात फिटर होते. लहान गाडीने पंढरीला गेलेल्या कितीतरी जणी इथे समोर बसल्या आहेत. पुढे लाईन मोठी झाली, छोटी गाडी गेली. झाले ते चांगलेच झाले. मोठे रूळ आले नसते तर आज लातूरचे माणूस रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईला उतरले नसते. पण त्यामुळे झाले असे की कुठेही बुटके इंजिन दिसले की माझे पाय तिथेच थांबतात.

माझा धाकटा भाऊ बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. भावजयीच्या बाळंतपणासाठी मी २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेले होते. आई नाही, तेव्हा हे काम थोरल्या बहिणीचेच. बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर, ऑगस्टात, भाऊ म्हणाला, "ताई, आता तुला माझ्या रेल्वेवर नेतो." मी म्हटले, "तुझी कसली रेल्वे? तू तर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतोस!" तेव्हा कळले की हा गृहस्थ दर वर्षी आपल्या हक्काच्या रजेतले पंधरा दिवस काढतो आणि वेल्समध्ये जाऊन रुळांखालची खडी भरतो. इकडे आईच्या घरी त्याने कधी पाण्याची कळशी उचलली नव्हती!

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. तिथली भाषा वेगळी, पाट्यासुद्धा दोन भाषांत. टाउइन नावाचे समुद्रकाठचे छोटे गाव आहे. तिथून डोंगरात जाणारी ही टॅलिलिन रेल्वे. सव्वासात मैलांची, म्हणजे साधारण पावणेबारा किलोमीटरची. रुळांची रुंदी सव्वादोन फूट, आपल्या बार्शी लाईटपेक्षा तीन इंचांनी कमीच. ती बांधली गेली १८६५ साली, ब्रिन एग्लुइस नावाच्या खाणीतला दगड खाली आणण्यासाठी. दगड कोणता, तर आपण लहानपणी ज्याच्या पाटीवर अक्षरे गिरवली तोच. त्याच्या पातळ चिपा काढून तिकडे घरांवर कौलांसारख्या घालतात.

ही रेल्वे आणि खाण १९११ साली सर हेन्री हेडन जोन्स यांनी विकत घेतली. ते पार्लमेंटात निवडून गेलेले गृहस्थ होते. १९४६ च्या डिसेंबरात खाण ढासळली आणि बंद पडली. दगडच नाही तर गाडी कशाला? पण त्यांनी शब्द दिला होता की मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल. तोट्यात का होईना, आठवड्यातून थोडे दिवस का होईना, त्यांनी ती चालवली. १९५० च्या जुलैत ते वारले. रूळ सगळे पहिल्या दिवसापासूनचे, झिजलेले, गवतात बुडालेले. चालू स्थितीतले इंजिन एकच, 'डोल्गोख' नावाचे, तेही १८६६ सालचे. भंगारवाल्याने यावे आणि उचलून न्यावे अशी सारी तयारी झाली होती.

त्या वेळी एल. टी. सी. रोल्ट नावाच्या एका लेखकाने आणि त्याच्या स्नेह्यांनी ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. सभेत ठरले की आपण मंडळ काढू, वर्गणी जमवू, आणि आपल्या हातांनी ही गाडी चालवू. सर हेन्रींच्या पत्नीने रेल्वेचे समभाग मंडळाच्या हाती दिले. अशा रीतीने हौशी माणसांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे झाली. १४ मे १९५१ रोजी मंडळाची पहिली गाडी निघाली. त्याच वर्षी शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने त्यांनी पंचवीस-पंचवीस पौंडांना विकत आणली. एकाला नाव दिले 'सर हेडन' आणि दुसऱ्याला 'एडवर्ड थॉमस', म्हणजे एक जुन्या मालकांचे आणि एक जुन्या मॅनेजरचे. गेलेल्या माणसांची आठवण ठेवण्याची ही रीत मला आवडली.

तेव्हापासून आजवर ही गाडी चालू आहे. थोडी माणसे पगारी आहेत, कारण हिशेब, दुरुस्ती, सुरक्षितता ही रोजची जबाबदारी कोणीतरी घ्यावीच लागते. पण बाकीचा सारा गाडा स्वयंसेवकांवर. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सिग्नलवाला, तिकीट देणारी बाई, चहा करणारी बाई, फुलझाडांना पाणी घालणारे आजोबा, सगळे आपापली रजा काढून, आपापल्या खर्चाने आलेले. कोणी शिक्षक, कोणी दवाखान्यात नर्स, कोणी बँकेतून निवृत्त झालेले. राहायला साधी खोली, सामाईक स्वयंपाकघर. आपले जेवण आपण करायचे आणि आपली बशी आपण विसळायची, मग तो घरी कितीही मोठा साहेब असो.

आम्ही तिथे दहा दिवस होतो. बाळामुळे रात्री जाग असायचीच, म्हणून एके दिवशी पहाटे मी भावाबरोबर इंजिनच्या शेडवर गेले. पहिली गाडी सुटण्याच्या तीन-साडेतीन तास आधी इंजिनाचे काम सुरू होते. पहिले काम काय, तर कालची राख काढणे! बंब पेटवणाऱ्या आपल्या बायकांना हे सांगायला नको. राख काढायची, पुढच्या पेटीतली काजळी काढायची, नळ्या साफ करायच्या, पाण्याची पातळी पाहायची. मग तेलात बुडवलेल्या चिंध्या, त्यावर लाकडे, आणि जाळ धरला की मूठमूठ कोळसा. एकदम जाळ केला तर बॉयलरचे पत्रे असमान तापतात आणि त्याला इजा होते. म्हणून तासन्तास थांबायचे, हळूहळू वाफ चढू द्यायची. तोवर एक जण तेलाची झारी घेऊन सांध्यासांध्यात तेल घालतो आणि दुसरा पितळ घासतो. पितळ घासणारी त्या दिवशी एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. तोंड काळे, हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू नवरात्राची भांडी घासते आहे.

भावाने सांगितले की इथे कोणालाही पहिल्याच दिवशी इंजिनावर चढवत नाहीत. आधी पुसायचे, घासायचे. मग मोठ्यांच्या देखरेखीखाली कोळसा टाकायला शिकायचे. मग परीक्षा. मग फायरमन. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, जमले तर, ड्रायव्हर. प्रत्येक शिकाऊ माणसाशेजारी एक जाणता माणूस उभा असतो. जाणत्याने काम झटपट आपणच करून टाकायचे नाही, शिकणाऱ्याचे हळू चालणारे हात पाहत धीर धरायचा. आपल्या सुनांना पोळ्या शिकवताना आपल्याला हाच धीर किती कठीण जातो, ते इथे बसलेल्या सासवांना आणि सुनांना दोघींनाही ठाऊक आहे.

गार्डाचेही तसेच. डब्यांची दारे नीट लागली का पाहायचे, शिटी वाजवायची, हिरवे निशाण दाखवायचे. या गाडीच्या डब्यांना दारे एकाच बाजूला आहेत. कारण असे की लाईन बांधून झाल्यावर १८६६ साली सरकारी अधिकारी तपासणीला आला, तेव्हा पुलांखालची जागा फार अरुंद भरली. चालत्या गाडीचे दार उघडून कोणी बाहेर आले तर भिंतीत चिरडेल. मग एका बाजूची दारे कायमची बंद केली आणि पुलाखाली रूळ थोडे एका अंगाला सरकवले. तेव्हाची ती युक्ती अजून चालू आहे.

एकेरी लाईन असल्यामुळे समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हाती एक लोखंडी टोकन देतात. ते हातात असल्याशिवाय पुढच्या टप्प्यात गाडी न्यायची नाही. ते पाहिले आणि मी भावाला म्हटले, "अरे, हा तर आपला गोळा!" आपल्याकडे स्टेशनमास्तर ड्रायव्हरला गोळा देत असत, तोच नियम, फक्त वस्तूचा आकार निराळा. सात समुद्रांपलीकडे सासऱ्यांच्या तोंडचा शब्द मला असा भेटला.

एक गमतीची गोष्ट सांगते. 'थॉमस' नावाच्या निळ्या इंजिनाच्या गोष्टी आपली नातवंडे टीव्हीवर पाहतात ना? त्या गोष्टी लिहिणारे ऑड्री हे धर्मोपदेशक होते आणि १९५२ साली या रेल्वेवर हौसेने गार्डाचे काम करत होते. एकदा त्यांनी हिरवे निशाण दाखवले आणि गाडी निघाली. मागे राहिली कोण, तर फराळाचे विकणारी बाई! पुढे त्यांनी हा प्रसंग आपल्या गोष्टीतच घालून टाकला. त्या बाई काय म्हणाल्या ते मात्र कुठे छापलेले नाही. ते आपण ओळखू शकतो.

आता वर्षभराचे काम सांगते, कारण खरे शिकण्यासारखे मला त्यातच दिसले. आपण पाहुणे जातो ते उन्हाळ्यात. डोंगर हिरवे, मेंढरे चरताहेत, डोल्गोखच्या धबधब्यापाशी इंजिन पाणी पिते आहे, मुले हात हलवताहेत. आपल्याला वाटते, वा, काय मजेचे काम! पण गाडी उन्हाळ्यात धावते ती थंडीत केलेल्या कामावर.

ऑक्टोबर संपला की रोजच्या गाड्या थांबतात. तिकडची थंडी म्हणजे बर्फापेक्षा पाऊस आणि वारा जास्त. दिवस चार वाजताच मावळतो. त्या दिवसांत बॉयलर आणि नळ्यांतले पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर पाणी गोठून नळ्या फुटतात. इंजिने खोलतात, सुटे भाग मोजून, पुसून, मांडून ठेवतात. दर दहा वर्षांनी तर बॉयलरची पुरी तपासणी येते, तेव्हा इंजिन हाडापर्यंत उघडावे लागते. बाहेर लाईनवर कुजलेले स्लीपर काढून नवे घालायचे, खडी भरून ठोकायची, गटारे उपसायची. रुळाकडेचे रान तोडायचे तेही थंडीतच. वसंतापासून पुढे झाडाझुडपांत पाखरांची घरटी असतात, तेव्हा कोयता चालवायचा नाही. माझा भाऊ जातो तो याच दिवसांत, फेब्रुवारीत. मी विचारले, "उन्हाळ्यात का जात नाहीस? तेव्हा गाडीत तरी बसशील." तो म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात माणसे मिळतात. फेब्रुवारीत मिळत नाहीत."

हे उत्तर मी अजून मनात धरून आहे.

मार्च आला की रंगरंगोटी. बाके, कुंपणे, स्टेशनांच्या पाट्या. सगळ्यांनी नियमांची उजळणी करायची, अगदी तीस वर्षे काम केलेल्यांनीही. रिकामी गाडी चालवून लाईन तपासायची. ईस्टरच्या सुमारास पाहुणे यायला लागतात. मग उन्हाळाभर धावपळ. शाळांना सुट्टी असते त्या ऑगस्टात सर्वांत जास्त गाड्या. शाळकरी मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल असे काम देतात, म्हणजे डबे पुसणे, कुंड्या रंगवणे. १९८४ पासून ऑगस्टात एक शर्यतही सुरू झाली. माणसांनी गाडीबरोबर धावायचे! शेतांतून, चिखलातून, गाडीच्या जाण्यायेण्याची चौदा मैल. धापा टाकत का होईना, इंजिनाला मागे टाकणारी माणसे निघतात. पाने गळायला लागली की निराळीच अडचण. ओली पाने रुळावर चेंगरून शेवाळासारखी निसरडी होतात, चाके जागच्या जागी फिरतात, मग रुळावर वाळू सोडावी लागते. आणि डिसेंबरात नाताळबाबाची गाडी. डब्यांना माळा लावायच्या, मुलांना भेटी द्यायच्या. कडाक्याच्या थंडीत दाढी लावून बसलेला तो नाताळबाबाही स्वयंसेवकच.

खालच्या स्टेशनाच्या इमारतीतच लहान गाड्यांचे संग्रहालय आहे. आताची इमारत २००५ सालची. ठिकठिकाणच्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेंची इंजिने, दगड वाहायचे डबे, सिग्नल, जुनी तिकिटे, पाट्या अशा वस्तू तिथे मांडल्या आहेत. डब्लिनच्या दारूच्या कारखान्यात काम केलेले एक ठेंगणे इंजिनही आहे. ऑड्रींची लिहिण्याची खोली टेबलखुर्चीसकट जशीच्या तशी लावून ठेवली आहे. पण मी पाहत बसले ती दाराशी बसलेल्या एका आजींना. वय ऐंशीच्या आसपास. आता शेडवर जाववत नाही, म्हणून संग्रहालयात बसतात. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंडाला लगेच गंज चढतो, म्हणून वस्तू पुसायच्या, आल्यागेल्याला माहिती द्यायची. माझे इंग्रजी मोडके, त्यांचे वेल्सच्या वळणाचे, तरी आम्हा दोघींचे पुष्कळ जमले. मी घरून नेलेले शंकरपाळे त्यांना दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा परत केला तो रिकामा नव्हता, त्यात त्यांनी केलेला केक होता. रिकामा डबा परत करू नये ही रीत तिकडेही आहे तर!

मी भावामार्फत त्यांना विचारले, "इतकी वर्षे करता, तुम्हाला काय मिळते?" त्या म्हणाल्या, "माझे यजमान इथे ड्रायव्हर होते. ते गेले तेव्हा घरात बसून मी काय केले असते? इथे मंगळवारी माझी पाळी असते. मंगळवारी मी आले नाही तर कोणीतरी फोन करून विचारते, बरी आहेस ना?" एवढेच. मला वाटले होते काही मोठे सांगतील. पण बायांनो, आपली वाट पाहणारी जागा असणे ही म्हातारपणी फार मोठी मिळकत आहे. आपल्यापैकी ज्या एकट्या राहतात त्यांना हे माझ्यापेक्षा अधिक कळेल.

सगळे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. तिथेही भांडणे होतात. डब्याला रंग कोणता द्यावा यावरून महिनामहिना रुसणारी माणसे आहेत. जुन्यांना वाटते नव्यांना काही येत नाही, नव्यांना वाटते जुने काही करू देत नाहीत. पैशाची ओढाताण तर नेहमीची. २०२० साली महामारीत गाड्या बंद राहिल्या, तेव्हा मिळकत थांबली पण गंज थांबला नाही. वेल्समधली फॉस-इ-फ्रान ही कोळशाची मोठी खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हापासून वाफेच्या गाड्यांना परदेशी कोळशाकडे पाहावे लागते. आणि सर्वांत मोठी काळजी माणसांची. पहिल्या पिढीतले बहुतेक गेले, दुसरी पिढी पिकली. जाणत्याच्या हातातले कसब त्याच्या डोळ्यादेखत दुसऱ्या हातात गेले नाही तर ते त्याच्याबरोबर जाते. इंजिन भंगारातून परत आणता येते, हे मात्र आणता येत नाही. म्हणूनच प्रत्येक शिकाऊ माणसाला ते इतके जपतात. तरी पंचाहत्तरच्या आसपास वर्षे झाली, गाडी थांबलेली नाही. १९७६ साली त्यांनी लाईन वर नांट ग्वेर्नोलपर्यंत वाढवली, आणि २०२१ साली त्या भागातल्या दगडखाणींच्या मुलखाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात या रेल्वेचाही समावेश झाला. भंगारवाल्याच्या दारातून परत आणलेली गाडी कुठे जाऊन पोहोचली पाहा.

आता आपल्याकडे येते. मागच्या सभेत आपल्या वाचनालयाचा विषय निघाला होता. दोघी-तिघींवरच सारा भार पडतो, त्यांच्याही घरी दुखणीखुपणी आहेत, आठवड्यातून दोनदासुद्धा कुलूप निघत नाही. तेव्हा एक तर पगारी बाई ठेवावी, नाहीतर पुस्तके शाळेला देऊन खोली सोडून द्यावी, अशी सूचना आली. पगाराला पैसा नाही हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे राहिले दुसरेच. पुढच्या महिन्यात त्यावर मत घ्यायचे आहे, म्हणून आज मी हे सारे सांगितले.

माझा हिशेब ऐका. आपण चाळीस जणी आहोत. प्रत्येकीने महिन्यातून फक्त दोन तास दिले तर ऐंशी तास होतात. तेवढ्यात आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास, आणि एका वेळी दोघी-दोघी बसूनही वाचनालय उघडे राहते. दोघी अशासाठी की एक जाणती आणि एक नवी. जाणतीने सारे आपण करायचे नाही, नवीला करू द्यायचे, वही तिच्या हाताने भरू द्यायची. अक्षर वाकडे आले तर येऊ द्या. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी घरी बसून पुस्तकांना कव्हरे घालावीत, फाटलेली पाने चिकटवावीत. तेही पाळीत धरायचे, त्याचेही नाव लिहायचे. आणि पाळीपत्रक करताना आधी मे महिना आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस भरायचे, जेव्हा कोणाला वेळ नसतो. ते दिवस भरले की बाकीचे वर्ष आपोआप भरते. आपला फेब्रुवारी तोच आहे.

आणखी एक लहानशी मागणी आहे. वाचनालयातला खालचा एक कप्पा रिकामा आहे, तो आपल्या छोट्या गाडीसाठी द्यावा. माझ्या घरी सासऱ्यांचा हातदिवा आणि त्यांची हजेरीची वही आहे. कोणाकडे जुने तिकीट असेल, शिटी असेल, स्टेशनावर काढलेला फोटो असेल, गणवेशाचे पितळी बटण असेल. भंगारात जाण्याआधी ते आणा. त्याहून निकडीचे म्हणजे, आपल्या गावात त्या गाडीवर काम केलेली म्हातारी माणसे अजून आहेत. गोळा कसा देत, घाटात गाडी अडली तर काय करत, आषाढी वारीत गर्दी कशी आवरत, हे त्यांना विचारून आपण वहीत लिहून ठेवू. त्याला शिक्षण लागत नाही, शुद्धलेखन आपल्या मास्तरीणबाई पाहतील. माझे सासरे गेले तेव्हा मी चाळिशीचीही नव्हते, आणि रोज संध्याकाळी अंगणात बसून ते हेच सांगत असत. ते ऐकले मी, पण उतरवून कोणीच घेतले नाही. अजून सांगणारे आहेत तोवर हे काम व्हावे.

पाळीपत्रकाचा कोरा कागद मी चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात मे महिन्यातल्या दोन पाळ्यांपुढे माझे नाव मी आधीच लिहिले आहे. शेजारची नव्या बाईची जागा मोकळी आहे. चहाच्या वेळी तिकडून एक चक्कर मारा.